कायदा आणि आपण : चुकलेली मुदत आणि वरचे न्यायालय

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच तऱ्हेची आहेत. दाव्यातले सत्य आपल्या बाजूला आहे याची खात्री असलेली माणसे कैफियत (प्रतिवादीने दाव्याला द्यायचे लेखी उत्तर) वेळेत दिली नाही, वारसांची नावे लावायची राहिली, समन्स हाती पडले नाही अशा कारणांनी अडकली आहेत आणि ‘वरच्या कोर्टात काही होईल का’ असे विचारीत आहेत. म्हणून या महिन्याचे सदर दिवाणी दाव्यांतील प्रक्रियेच्या वादांसाठी आणि त्यांवर अपिलात व सर्वोच्च न्यायालयात झालेल्या निर्णयांसाठी राखून ठेवले आहे. पत्रांतील नावे, गावे व दाव्यांचे क्रमांक काढले असून पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आदरणीय वकील मॅडम, सामाईक विहीर आणि तिच्याकडे जाणारा रस्ता यांबाबत शेजाऱ्याने आमच्याविरुद्ध कायमच्या मनाई हुकुमाचा दावा लावला आहे. समन्स मिळताच आम्ही वकील दिले, परंतु त्याच काळात वडील अंथरुणाला खिळले आणि कैफियत द्यायची राहून गेली. समन्स मिळाल्यापासून १४० दिवस झाल्यावर न्यायालयाने ‘नो डब्ल्यूएस’, म्हणजे कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा, आदेश केला. कायद्यात ९० दिवसांची कमाल मर्यादा असल्याने आता काहीच करता येणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. आमचे म्हणणे न्यायालयापुढे कधीच येणार नाही का?

उत्तर : आपल्याला मिळालेली माहिती अर्धी बरोबर आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम १ प्रमाणे प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते आणि कारणे नोंदवून न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. २००२ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद नकारार्थी भाषेत लिहिलेली आहे. त्यामुळे ९१ व्या दिवशी न्यायालयाचे हात बांधले जातात की काय, हा प्रश्न देशभर उभा राहिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ‘कैलाश वि. नन्हकू’ या प्रकरणात त्याचे उत्तर दिले. ही मुदत प्रतिवादीने पाळावी म्हणून घातलेली आहे, न्यायालयाचा अधिकार काढून घेण्यासाठी नव्हे. मुदत उलटल्यास काय व्हावे याची कोणतीही शिक्षा त्या नियमात सांगितलेली नाही. आणि प्रक्रियेचा कायदा न्यायाची सेवा करण्यासाठी असतो, म्हणून ही तरतूद बंधनकारक न मानता मार्गदर्शक मानावी, असे न्यायालयाने ठरविले. त्याच वर्षी सेलमच्या वकील संघटनेने केलेल्या याचिकेवरील निर्णयात हेच मत कायम झाले. मात्र दोन्ही निर्णयांत एक अट आहे आणि सवलत मागणाऱ्यांच्या लक्षात ती क्वचितच राहते. ९० दिवसांनंतरची वाढ ही नेहमीची बाब होऊ नये, ती अपवादात्मक व खरोखर अडचणीच्या प्रसंगीच द्यावी आणि तिची कारणे लेखी नोंदवावीत, असे न्यायालयाने बजावले आहे.

आता आपण काय करावे? वरच्या न्यायालयाचा विचार करण्याआधी ज्या न्यायालयाने आदेश केला त्याच न्यायालयात, तयार कैफियत सोबत जोडून, तो आदेश रद्द करण्याचा अर्ज द्यावा. कैफियत न जोडता नुसता अर्ज देणाऱ्या पक्षकाराविषयी न्यायाधीशांना स्वाभाविकपणे शंका येते, कारण त्याला अजूनही फक्त वेळच हवा आहे असे दिसते. वडिलांच्या आजाराची रुग्णालयातील कागदपत्रे तारखांसह जोडा आणि १४० दिवसांपैकी कोणत्या काळात काय घडले हे प्रतिज्ञापत्रात क्रमाने लिहा. ‘घरगुती अडचणीमुळे’ या दोन शब्दांवर अशा अर्जांचा निकाल बहुधा विरुद्ध जातो. अर्ज खर्चाच्या अटीवर मंजूर झाला, तर खर्चाची रक्कम ठरलेल्या तारखेच्या आत भरा. ती न भरल्यामुळे मिळालेली संधी गमावणारे पक्षकार मी पाहिले आहेत.

हा अर्ज नामंजूर झाला तर मार्ग कोणता, याविषयी बराच गोंधळ आढळतो. या आदेशाविरुद्ध अपील नाही, कारण अपिलास पात्र आदेशांची यादी कलम १०४ व आदेश ४३ मध्ये आहे आणि त्या यादीत तो बसत नाही. कलम ११५ खालील पुनरीक्षण अर्जही (उच्च न्यायालयाकडून आदेश तपासून घेण्याचा अर्ज) चालत नाही. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, आव्हान दिलेला आदेश उलट बाजूने झाला असता तर दाव्याचाच शेवट झाला असता अशा प्रसंगीच पुनरीक्षण होऊ शकते, आणि कैफियत स्वीकारली म्हणून दावा संपत नाही. राहतो तो संविधानाच्या अनुच्छेद २२७ खालील उच्च न्यायालयाचा देखरेखीचा अधिकार. अनुच्छेद २२६ खाली दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक आदेशाला आव्हान देता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ‘राधेश्याम वि. छबीनाथ’ मध्ये स्पष्ट केले असून २२७ चा मार्ग मोकळा ठेवला आहे. तेथेही उच्च न्यायालय अपिलासारखे पुरावे तपासत बसत नाही; खालच्या न्यायालयाने आपला अधिकार वापरायलाच नकार दिला का, किंवा तो ओलांडला का, एवढेच पाहते. ‘९० दिवस झाले म्हणून मला अधिकारच नाही’ असे आदेशात लिहिले असेल तर आपली बाजू भक्कम आहे. ‘कारणे पाहिली, ती पटली नाहीत’ असे लिहिले असेल तर लढाई अवघड आहे. म्हणून याचिका करण्यापूर्वी आदेशातले शब्द नीट वाचा.

यदाकदाचित सर्व प्रयत्न फसले, तरी दावा आपोआप वादीच्या बाजूने सुटत नाही. ‘बलराज तनेजा वि. सुनील मदान’ या १९९९ च्या निर्णयाप्रमाणे, कैफियत नाही एवढ्यावरून न्यायालयाने डोळे मिटून हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा हुकूम) करू नये. वादपत्रातूनच एखादी गोष्ट वादग्रस्त दिसत असेल तर ती सिद्ध करायला वादीला सांगावे. शिवाय बचाव काढून टाकलेल्या प्रतिवादीलाही वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते आणि वादीच्या प्रकरणातील उणिवांवर युक्तिवाद करता येतो, असे १९८८ सालच्या ‘मॉड्युला इंडिया’ प्रकरणात ठरले आहे. तेव्हा हताश होऊन न्यायालयात जाणे सोडू नका.

एक इशारा व्यापारी वाचकांसाठी. वाद व्यापारी स्वरूपाचा आणि किमान ३ लाख रुपये मूल्याचा असून तो वाणिज्यिक न्यायालयाच्या कायद्याखाली चालत असेल, तर वरील सवलत नाही. तेथे १२० दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्क संपतो आणि न्यायालयालाही तो परत देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ‘एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स’ प्रकरणात सांगितले आहे.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. लग्नानंतर मी दुसऱ्या शहरात राहते. माहेरच्या घराबाबत माझ्याविरुद्ध दावा झाला, समन्स माझ्या जुन्या पत्त्यावर गेले आणि शेवटी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ते बजावल्याचे दाखवले गेले. बेलिफ ताबा घ्यायला आला तेव्हा मला एकतर्फी हुकूमनाम्याची माहिती झाली. एक वकील म्हणतात हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करा, दुसरे म्हणतात थेट अपील करा. दोन्ही एकदम करता येते का? एक हरले तर दुसरे उरते का?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळी दारे आहेत आणि कोणते आधी उघडावे यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. आदेश ९ नियम १३ खालील अर्ज त्याच न्यायालयात करायचा असतो व त्यात एकच मुद्दा असतो: मला समन्स रीतसर बजावले गेले नाही, किंवा हजर न राहण्यास पुरेसे कारण होते. कलम ९६(२) खालील अपील वरच्या न्यायालयात होते आणि त्यात वादीच्या पुराव्यावरून असा हुकूमनामा होऊच शकत नव्हता, हे दाखवायचे असते. एका दारात आपण ‘मला ऐकले नाही’ म्हणता, दुसऱ्या दारात ‘ऐकले नसले तरी निकाल चुकला’ म्हणता.

कायदा दोन्ही मार्ग देतो, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. नियम १३ च्या स्पष्टीकरणानुसार अपिलाचा निकाल, ते मागे घेण्याव्यतिरिक्त, कोणत्याही कारणाने लागला की त्याच हुकूमनाम्याविरुद्धचा नियम १३ चा अर्ज चालत नाही. उलट अर्ज फेटाळला गेला तरी अपिलाचा हक्क शाबूत राहतो. मात्र त्या अपिलात समन्स बजावणीचा किंवा गैरहजेरीच्या कारणाचा मुद्दा पुन्हा उकरता येत नाही, केवळ गुणदोषांवर, म्हणजे निकाल मुळात बरोबर की चूक यावर, बोलता येते. ‘भानुकुमार जैन वि. अर्चना कुमार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मांडणी केली आहे. समन्स मिळालेच नाही ही आपली मुख्य तक्रार असल्याने माझ्या मते नियम १३ चा अर्ज हेच आपले पहिले पाऊल असावे. तो नामंजूर झाल्यास त्या आदेशाविरुद्धही आदेश ४३ खाली वेगळे अपील आहे, हे ध्यानात असू द्या.

मुदतीचे गणित असे आहे. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ प्रमाणे या अर्जाला ३० दिवस असतात आणि समन्स रीतसर बजावलेले नसेल तर ते हुकूमनाम्याची माहिती झाल्याच्या तारखेपासून मोजतात. त्याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की आदेश ५ नियम २० खालील पर्यायी बजावणी ही या कारणासाठी रीतसर बजावणी समजायची नाही. वर्तमानपत्रातील जाहिरात याच प्रकारात मोडते, त्यामुळे आपले ३० दिवस बेलिफ आला त्या दिवसापासून मोजले जातील. तो दिवस कोणता हे बेलिफच्या अहवालातून सिद्ध होईल. त्याची प्रत आजच मिळवा. विरुद्ध बाजू मात्र आदेश ९ नियम १३ मध्ये १९७६ साली घातलेल्या परंतुकाचा (जोडलेल्या अटीचा) आधार घेईल. प्रतिवादीला तारखेची माहिती होती आणि हजर होण्यास पुरेसा वेळ होता असे दिसले, तर केवळ बजावणीतील अनियमिततेमुळे हुकूमनामा रद्द होत नाही, असे ते परंतुक सांगते. म्हणून त्या काळात माहेरच्या कुणाशी या दाव्याविषयी आपले बोलणे झाले होते का, याचे उत्तर आपल्या वकिलांना खरेखरे सांगा. ही गोष्ट उलटतपासणीत अचानक पुढे आली तर अर्जाचा विश्वासच जातो.

अर्जात काही वर्षे गेली आणि तो फेटाळला गेला, तोवर अपिलाची मुदत कधीच संपलेली असते, ही भीती बहुतेकांना असते. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने, नियम १३ चा अर्ज प्रामाणिकपणे चालविण्यात गेलेला वेळ हे अपिलातील विलंब माफ करण्यास पुरेसे कारण ठरू शकते असे सांगितले आणि चार वर्षांहून अधिक विलंब माफ केला. पक्षकाराचा हेतू वेळकाढूपणाचा दिसला तर मात्र हा आधार मिळत नाही.

दोन्हींपैकी काहीही दाखल केले म्हणून दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कारवाई) आपोआप थांबत नाही. अर्जासोबतच अंमलबजावणीला स्थगिती मागणारा स्वतंत्र अर्ज द्या, तोही ताबा जाण्याआधी. मुदतीनंतर अपील करणाऱ्यांनी आणखी एक अडचण ओळखून ठेवावी: आदेश ४१ नियम ३अ प्रमाणे विलंब माफीच्या अर्जासह आलेल्या अपिलात, अपील ऐकण्याचे न्यायालयाने ठरविल्याशिवाय स्थगिती देता येत नाही.

या निमित्ताने दुसऱ्या एका वाचकांच्या शंकेचेही उत्तर देते. त्यांच्या दाव्यात ‘एकतर्फी चालवा’ असा हुकूम झाला आहे, पण निकाल अजून लागलेला नाही. अशा वेळी पुढच्या तारखेला हजर होऊन, दावा ज्या टप्प्यावर असेल तेथून भाग घेता येतो. मागे झालेले कामकाज पुन्हा खुले करायचे असेल तर आदेश ९ नियम ७ खाली सबळ कारण दाखवावे लागते. १९५५ सालच्या ‘संग्राम सिंह’ प्रकरणात न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी प्रक्रियेचे नियम माणसांना पायात अडकवून पाडण्यासाठी नसतात आणि शक्यतो कुणाच्याही पाठीमागे निकाल होऊ नये, अशी भूमिका घेतली. सत्तर वर्षे झाली तरी एकतर्फी प्रकरणांत याच निर्णयाकडे पुन:पुन्हा वळावे लागते.

प्रश्न : अपील दाखल झाले आहे आणि त्याला क्रमांकही पडला आहे. तरी विरुद्ध पक्षाची दरखास्त चालूच कशी?

उत्तर : कारण आदेश ४१ नियम ५ म्हणतो की केवळ अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि तीसाठी मोठे नुकसान होईल, अर्ज विनाविलंब केला आहे आणि तारण देण्याची तयारी आहे, हे दाखवावे लागते. पैशाच्या हुकूमनाम्यात रक्कम जमा करावी लागेल या तयारीनेच जा. ताबा गेला आणि पुढे अपील जिंकले, तर कलम १४४ खाली पूर्वस्थिती परत मागता येते.

प्रश्न : वकील मॅडमना सप्रेम नमस्कार. चार भावांच्या वाटपाच्या दाव्यात आमचे दुसरे अपील उच्च न्यायालयात बारा वर्षे प्रलंबित आहे. आता सुनावणीच्या यादीत नाव आल्यावर कळले की जाबदेणारांपैकी (अपिलातील विरुद्ध पक्षांपैकी) एक चुलतभाऊ तीन वर्षांपूर्वी वारला. त्याचे वारस रेकॉर्डवर आणलेले नाहीत, म्हणून संपूर्ण अपील रद्दबातल झाले असे विरुद्ध बाजू म्हणते. आम्ही वेगवेगळ्या ठिकाणी राहतो, आम्हाला खरेच माहीत नव्हते.

उत्तर : पक्षकार मरण पावल्यापासून ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणले नाहीत, तर त्याच्यापुरते अपील आपोआप संपुष्टात येते, त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची गरज नसते. पुढच्या ६० दिवसांत ते पुनरुज्जीवित करण्याचा अर्ज करता येतो, आणि तीही मुदत गेली तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफी मागावी लागते. म्हणजे आपल्याला तीन विनंत्या कराव्या लागतील: वारस लावणे, संपुष्टात आलेले अपील पुनरुज्जीवित करणे आणि विलंब माफ करणे. यांपैकी एखादी अर्जात लिहायची राहिली म्हणून घाबरू नका. २००३ सालच्या ‘मिठाईलाल’ प्रकरणात वारस रेकॉर्डवर आणण्याच्या विनंतीतच अपील पुनरुज्जीवित करण्याची विनंती अंतर्भूत मानावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. तरीही तिन्ही स्पष्ट लिहिलेल्या बऱ्या.

आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळचा निर्णय २००८ सालचा ‘पेरुमोन भगवती देवस्वम्’ हा आहे. खालच्या न्यायालयात चालू असलेला दावा आणि उच्च न्यायालयात दाखल करून घेतल्यानंतर वर्षानुवर्षे तारखेविना पडून असलेले अपील यांत न्यायालयाने फरक केला. ज्या अपिलाला तारखाच पडत नाहीत, त्यातील अपीलदाराने प्रतिपक्ष हयात आहे की नाही याची सतत चौकशी करीत राहावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही. त्याने माहिती मिळाल्यावर किती तत्परता दाखवली हे महत्त्वाचे. विलंब किती दिवसांचा यापेक्षा त्याचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे का, हे पाहायचे असते. म्हणून मृत्यूची माहिती आपल्याला कधी आणि कोणाकडून झाली, हे तारखेसह लिहा. मृताच्या वकिलांनीही न्यायालयाला मृत्यूची माहिती देणे आदेश २२ नियम १०अ प्रमाणे आवश्यक असते. त्यांनी ती दिली नसेल तर तेही अर्जात नमूद करा.

आणखी एक गोष्ट तपासा. मृत चुलतभावाचा मुलगा, पत्नी किंवा मुलगी दुसऱ्या कोणत्या नात्याने आधीच पक्षकार आहे का? मृताच्या वारसांपैकी एकजण आधीपासून रेकॉर्डवर असेल, तर अपील संपुष्टात येत नाही, केवळ नोंद दुरुस्त करावी लागते, असे ‘महाबीर प्रसाद वि. जगे राम’ प्रकरणात ठरले आहे. वाटपाच्या दाव्यांत कुटुंबातील अनेकजण पक्षकार असतात, त्यामुळे ही शक्यता कमी नाही. ती नसेल आणि विलंबही माफ झाला नाही, तर विरुद्ध बाजूचे म्हणणे गंभीर ठरते. वाटपात प्रत्येकाचा हिस्सा दुसऱ्याच्या हिश्शाशी बांधलेला असतो. एका हिस्सेदारापुरता हुकूमनामा अंतिम झाला आणि बाकीच्यांबाबत त्याच्याशी विसंगत निकाल द्यावा लागेल अशी स्थिती आली, की सगळेच अपील कोसळू शकते. या एका अर्जाकडे अपिलाइतकेच लक्ष द्या.

प्रश्न : जमिनीच्या दाव्यात मी दोन्ही न्यायालयांत हरलो. नव्या वकिलांनी दाखवून दिले की दावा मुळातच चुकीच्या तालुक्याच्या न्यायालयात दाखल झाला होता. मग दोन्ही निकाल बेकायदा नाहीत का?

उत्तर : बहुधा नाहीत, आणि हे आपल्याला स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. न्यायालयाच्या अधिकाराचे आक्षेप एकाच प्रकारचे नसतात. दावा कोणत्या ठिकाणी लावायचा, हा प्रादेशिक अधिकाराचा प्रश्न झाला. संहितेच्या कलम २१ प्रमाणे असा आक्षेप पहिल्याच न्यायालयात, शक्य तितक्या लवकर, आणि मुद्दे (दाव्यात ठरवायचे वादाचे प्रश्न) काढले जात असतील तर ते काढण्यापूर्वी किंवा त्या वेळी घ्यावा लागतो. शिवाय त्या चुकीमुळे न्यायाची हानी झाली हेही दाखवावे लागते. या सर्व अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. आपण संपूर्ण दावा त्या न्यायालयात लढवलात, साक्षीपुरावा दिलात, निकालाची वाट पाहिलीत, आणि निकाल विरुद्ध गेल्यावर आक्षेप घेत आहात. कोणतेही अपील न्यायालय तो ऐकणार नाही.

१९५४ सालच्या ‘किरण सिंह वि. चमन पासवान’ या निर्णयात हा फरक मुळापासून समजावून सांगितला आहे. ज्या न्यायालयाला विषयाचाच अधिकार नाही त्याचा हुकूमनामा शून्यवत असतो आणि ते अंमलबजावणीच्या टप्प्यावरही दाखवता येते, असे तत्त्व न्यायालयाने प्रथम मांडले. पण त्या प्रकरणात दाव्याचे मूल्यांकन कमी झाल्यामुळे अपील जिल्हा न्यायालयात गेले होते, आणि हरलेला पक्ष ते उच्च न्यायालयात जायला हवे होते म्हणून निकाल रद्द करा, असे म्हणत होता. न्यायालयाने ते मान्य केले नाही. मूल्यांकनाच्या चुकीमुळे गुणदोषांवर प्रत्यक्ष परिणाम झाला असेल तरच हस्तक्षेप होतो. न्यायालय बदलले असते तर कदाचित निकाल वेगळा लागला असता, एवढी शक्यता पुरत नाही. कलम ९९ चाही आशय हाच आहे. गुणदोषांवर किंवा अधिकारितेवर परिणाम न करणाऱ्या चुकीमुळे अपिलात हुकूमनामा फिरवता येत नाही. त्याला एक महत्त्वाचा अपवाद १९७६ साली जोडला गेला: आवश्यक पक्षकार जोडला नसेल तर हे संरक्षण मिळत नाही. म्हणून आपल्या वकिलांना तालुक्याचा मुद्दा बाजूला ठेवून, ज्याच्याशिवाय परिणामकारक हुकूमनामा होऊच शकत नाही असा एखादा हिस्सेदार दाव्यात सुटला आहे का, हे पाहायला सांगा.

महाराष्ट्रातील जुन्या दाव्यांत ‘कलम ९अ’ असा उल्लेख सापडतो, त्याविषयीही काही वाचकांनी विचारले आहे. ही राज्याची स्वतंत्र दुरुस्ती होती. तात्पुरत्या मनाईच्या अर्जात अधिकारितेचा आक्षेप आला की तो प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ठरवावा लागे. यामुळे कित्येक दावे वर्षानुवर्षे या एकाच मुद्द्यावर उच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत येत आणि मूळ वाद तसाच राही. मुदतीचा आक्षेपही अधिकारितेतच मोडतो असा एक निर्णय २०१५ साली झाला होता. तो २०१९ साली ‘नुस्ली वाडिया वि. आयव्हरी प्रॉपर्टीज’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बाजूला सारला आणि मुदतीसारखा, पुराव्यावर ठरणारा प्रश्न या कलमाखाली ठरविता येत नाही असे म्हटले. ते कलम राज्याने २०१८ सालीच वगळले होते. माझ्या मते हा बदल पक्षकारांच्या हिताचाच झाला.

प्रश्न : पहिले अपील फेटाळल्यानंतर आजोबांच्या जुन्या पेटीत विक्रीच्या रकमेची पावती सापडली. दुसऱ्या अपिलात ती दाखवली तर उच्च न्यायालय आमची बाजू पाहील ना?

उत्तर : दुसऱ्या अपिलाचे स्वरूप आधी समजून घ्या. कलम १०० खाली उच्च न्यायालय कायद्याच्या महत्त्वपूर्ण प्रश्नावरच अपील ऐकते, आणि तो प्रश्न न्यायालयाने स्वतः शब्दबद्ध करावा लागतो. तो न काढताच दुसरे अपील मंजूर केल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांचे निकाल अनेकदा रद्द करून प्रकरणे परत पाठवली आहेत. महत्त्वपूर्ण प्रश्न म्हणजे काय, याची कसोटी ‘सर चुनीलाल मेहता वि. सेंच्युरी’ या १९६२ च्या निर्णयातून घेतली जाते, जरी तो निर्णय मुळात संविधानातील वेगळ्या तरतुदीखालचा होता. प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा असावा किंवा पक्षकारांच्या हक्कांवर थेट आणि ठळक परिणाम करणारा असावा, आणि तो आधीच पक्का ठरलेला नसावा किंवा त्यात खरीखुरी अडचण असावी. ‘न्यायाधीशांनी साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता’ हा कायद्याचा प्रश्न नाही. एखादा निर्णायक कागद निकालात विचारातच घेतला नाही, किंवा कोणताही पुरावा नसताना निष्कर्ष काढला, हा मात्र होऊ शकतो.

पावतीसाठी आदेश ४१ नियम २७ चे दार आहे, पण ते अरुंद आहे. खालच्या न्यायालयाने तो पुरावा चुकीने नाकारला असेल, किंवा योग्य ती खटपट करूनही तो आधी हाती येणे शक्य नव्हते असे आपण सिद्ध केलेत, किंवा निकाल देण्यासाठी अपील न्यायालयालाच त्याची गरज वाटली, तरच तो घेतला जातो. खटल्यातील उणिवा भरून काढण्यासाठी ही तरतूद नाही आणि असा अर्ज अपिलाच्या अंतिम सुनावणीच्या वेळीच विचारात घ्यावा, असे ‘भारत सरकार वि. इब्राहिमुद्दीन’ या २०१२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आपल्याला पहिला प्रश्न विचारला जाईल तो असा: पेटी घरातच होती, मग दावा चालू असताना ती का उघडली नाही? त्याचे खरे उत्तर पटण्याजोगे असेल, म्हणजे पेटी दुसऱ्या नातेवाइकाच्या ताब्यात होती किंवा तिचा ठावठिकाणा माहीत नव्हता, तर त्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र जोडा. शिवाय अशी रक्कम दिली गेल्याचे आपल्या मूळ कैफियतीत लिहिलेले आहे का, हे आधी पाहा. जे म्हणणे कैफियतीत नाही, त्याच्या पुष्टीसाठीचा पुरावा स्वीकारला तरी त्याचा उपयोग होत नाही.

दुसऱ्या अपिलाची मुदत उच्च न्यायालयासाठी ९० दिवसांची आहे. निकालाची प्रमाणित प्रत मिळविण्यासाठी लागलेला वेळ त्यातून वगळला जातो, पण त्यासाठी प्रतीचा अर्ज मुदतीच्या आत केलेला असावा लागतो. आपल्या पत्रात पहिल्या अपिलाच्या निकालाची तारीख नाही. ती आज पाहा आणि प्रतीचा अर्ज अजून दिला नसेल तर उद्याच द्या.